थोरला आधी, धाकटा मागून

जत्रेतून हौसेने आणलेला फुगा रात्री खुंटीला बांधून ठेवावा आणि सकाळी पाहावे तो त्याचे अंग सुरकुतलेले असावे, हा अनुभव लहान मूल असलेल्या प्रत्येक घराचा आहे. गाठ सुटलेली नसते, कोठे भोकही पडलेले नसते. मग आतला वायू गेला कोठे? वडीलमाणसे 'हवा गेली' एवढे सांगून मोकळी होतात आणि मूल नव्या फुग्यासाठी हट्ट धरते. प्रश्न मात्र तसाच राहतो. वायू रबराच्या अंगातूनच बाहेर पडलेला असतो. तो कसा बाहेर पडला, याच्या शोधातून एक शास्त्र उभे राहिले, आणि हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड हे एकमेकांत मिसळलेले दोन वायू थोडक्या खर्चात वेगळे कसे करावेत, या आजच्या मोठ्या प्रश्नाची भिस्त त्याच शास्त्रावर आहे. या महिन्यात वाचकांपुढे तोच विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे. दुसऱ्या वायूचे नाव लांबलचक आहे. म्हणून यापुढे त्याला आपण नुसते कर्बवायू म्हणू.

रबराचा पहिला फुगा मायकेल फॅरडे यांनी १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला, आणि तो खेळण्यासाठी नव्हे, तर हायड्रोजनवरील प्रयोगांसाठी. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८२९ मध्ये, स्कॉटलंडमधील ग्लासगोचे टॉमस ग्रॅहम यांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. ग्रॅहम यांनी तेव्हा वयाची पंचविशीही गाठली नव्हती. त्यांनी जनावराचे ओले मूत्राशय घेतले, त्यात दोनतृतीयांश दगडी कोळशाचा वायू भरला, तोंड घट्ट बांधले आणि ती पिशवी कर्बवायूने भरलेल्या पात्रात ठेवली. काही तासांनी पाहतात तो ढिली पिशवी फुटेल की काय इतकी टम्म फुगलेली! बाहेरचा कर्बवायू कातड्यातून आत शिरला होता. कोळशाच्या वायूत हायड्रोजनचा भाग मोठा असतो. म्हणजे बाहेरचा कर्बवायू जितक्या लगबगीने आत आला, तितक्या लगबगीने आतला हायड्रोजन बाहेर पडू शकला नाही. ग्रॅहम यांनी याचे कारणही अचूक ताडले. कातडे ओले होते. कर्बवायू पाण्यात सहज विरघळतो. तो बाहेरच्या अंगाला विरघळला आणि आतल्या अंगाला मोकळा झाला.

पुढे १८३१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन किअर्सली मिचेल यांनी रबराच्या पातळ पडद्यांवर निरनिराळे वायू पारखून पाहिले. तेथेही कर्बवायू हायड्रोजनच्या पुढे धावला. अखेर १८६६ मध्ये ग्रॅहम यांनीच या शर्यतीचे आकडे मांडले. रबरातून जाण्याचा नायट्रोजनचा वेग १ धरला तर प्राणवायूचा २.५५६, हायड्रोजनचा ५.५ आणि कर्बवायूचा १३.५८५. हायड्रोजनच्या जवळजवळ अडीचपट!

या आकड्यांत नवल कोणते, हे ध्यानात यावे म्हणून दोन्ही वायूंची अंगकाठी सांगितली पाहिजे. हायड्रोजनचा रेणू सर्व रेणूंत हलका. त्याचे वजन २ मानले तर कर्बवायूचे ४४ भरते. गाळणीतून जाण्याच्या दृष्टीने हायड्रोजनची जाडी २.८९ अँगस्ट्रॉम, तर कर्बवायूची ३.३, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहाकोटीवा भाग. ग्रॅहम यांच्याच नावाने आज शाळाशाळांतून शिकविला जाणारा नियम सांगतो की, सूक्ष्म छिद्रांच्या मोकळ्या वाटेने वायू जाऊ लागले तर हायड्रोजन कर्बवायूच्या सुमारे ४.७ पट वेगाने पळावा. रबराच्या दारात मात्र हा न्याय उलटा होतो. थोरला आधी जातो आणि धाकटा मागून येतो.

याचा उलगडा असा. रबर, प्लॅस्टिक, नायलॉन यांना शास्त्रीय मराठीत बहुवारिके म्हणतात. व्यवहारात आपण पॉलिमर म्हणतो. ही म्हणजे लांबच लांब रेणुसाखळ्यांची गुंतवळ. तिच्या पातळ पटलाला चाळणीसारखी कायमची भोके नसतात. वायूला त्यातून जायचे असेल तर प्रथम त्या पटलात विरघळावे लागते, मग साखळ्यांच्या हालचालीत क्षणभर उघडणाऱ्या फटींतून पुढे सरकावे लागते, आणि शेवटी पलीकडे, जेथे त्याचा दाब कमी असेल तेथे, बाहेर पडावे लागते. म्हणजे प्रवेशाच्या कसोट्या दोन झाल्या: सरकण्याची आणि विरघळण्याची. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. मोठे दार बंद असताना त्या खिडकीवजा दारातून सडपातळ माणूस चट्दिशी आत जातो, स्थूलाला अंग चोरावे लागते. ही अंगकाठीची कसोटी. परंतु आत यजमान उभा असेल आणि त्या स्थूल गृहस्थाशी त्याचा जुना स्नेह असेल, तर तो दार सताड उघडून त्याला हाताला धरून आत नेतो. ही स्नेहाची कसोटी. सडपातळ हायड्रोजन पहिल्या कसोटीत पुढे असतो. कर्बवायू बहुतेक बहुवारिकांत अधिक विरघळतो, म्हणून तो दुसरीत पुढे असतो. खरी अडचण येथेच आहे. दोन्ही कसोट्या परस्परांविरुद्ध कौल देत असल्याने निवाडा संदिग्ध होतो.

हा निवाडा स्पष्ट होण्याची निकड कोणाला? उत्तर आपल्या ताटापासूनच सुरू होते. वडोदऱ्याच्या शेजारी किंवा गोव्यात झुआरीनगरला ज्यांनी खताचा कारखाना पाहिला असेल, त्यांना त्याची धुराडी आठवतील. नत्रयुक्त खतासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. तो मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून काढतात. सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाला, निकेलच्या सान्निध्यात, नैसर्गिक वायूची पाण्याच्या वाफेशी गाठ घालून दिली की हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड मिळतात. या कार्बन मोनॉक्साइडची पुन्हा वाफेशी गाठ घातली की आणखी हायड्रोजन मिळतो आणि त्याच्या जोडीला येतो कर्बवायू. हिशेबाने चार भाग हायड्रोजनला एक भाग कर्बवायू. कोळशापासून आरंभ केला तर प्रमाण दोनास एक, म्हणजे आणखी वाईट. भट्टी तापविण्यासाठी जळणाऱ्या इंधनाचा धूर जमेस धरला तर नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ ते दहा किलो कर्बवायू निर्माण होतो. जगाला वर्षाकाठी नऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन लागतो आणि तो जवळजवळ सगळा खनिज इंधनांतूनच येतो. ही संख्या पाहिली म्हणजे वेगळे करण्याच्या कामाचा विस्तार ध्यानात येतो.

आजवर हे काम मुख्यतः दोन रीतींनी होत आले आहे. पहिली रीत धुण्याची. अमाइन जातीच्या रसायनांच्या पाण्यातील द्रावणातून मिश्रण नेले की कर्बवायू त्यात अडकतो. या पद्धतीचे अमेरिकेतील एकस्व १९३० सालचे आहे. परंतु अडकलेला कर्बवायू सोडविण्यासाठी ते सगळे द्रावण १०० ते १२० अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि कारखाना चालू आहे तोवर हे धुणे व तापविणे अहोरात्र चालते. दुसरी रीत शोषणाची. विशिष्ट खड्यांच्या थरावर दाबाखाली कर्बवायू धरून ठेवायचा आणि दाब उतरवून सोडायचा. दोन्ही रीती भरवशाच्या आहेत, पण पहिलीत उष्णता फार जाते आणि दुसरीत दाब सोडताना थोडा हायड्रोजनही हातचा जातो. पटलाला यातले काही लागत नाही. ते उकळायचे नाही, धुवायचे नाही, त्यात हलणारा भाग नाही. एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक, एवढ्यावर त्याचे काम चालते.

मग शंभर वर्षे हे कारखान्यात का आले नाही? जाडीमुळे. पटल जाड असेल तर वायू त्यातून मुंगीच्या पावलांनी जातो. पातळ केले तर दाबाने फाटते. ही कोंडी प्रथम पाण्याच्या कामी फुटली. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी असे पटल तयार केले की ज्याची वरची साय अत्यंत पातळ आणि तिच्याखाली आधाराला सच्छिद्र जाड थर. निवड करायची ती सायीने. खालच्या थराने फक्त तिला तोलून धरायचे. घरोघरच्या पाणी गाळण्याच्या यंत्रांचे मूळ येथेच आहे.

वायूंच्या बाबतीत मात्र या सायीला सुईच्या टोकाहूनही बारीक छिद्र पडले तरी सगळे मुसळ केरात जाते. कारण त्या छिद्रातून दोन्ही वायू बेधडक निसटतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने यावर साधा तोडगा काढला. पॉलिसल्फोनच्या पोकळ धाग्यांवर सिलिकोन रबराचा हलका हात फिरविला आणि छिद्रे बुजविली. 'प्रिझम' नावाचे ते धागे अमोनियाच्या कारखान्यांत वाया जाणाऱ्या वायूतून हायड्रोजन परत मिळवू लागले. तेथे सोबती मुख्यतः नायट्रोजन होता. तो अंगाने जाड, आणि विरघळण्यातली त्याची आघाडी कर्बवायूसारखी मोठी नाही, म्हणून सरकण्याच्या कसोटीवरच तो मागे पडतो. निवाडा सोपा होता.

कर्बवायूपुढे मात्र हीच युक्ती लंगडी पडते. काचेसारख्या ताठ पॉलिसल्फोनमधून हायड्रोजन कर्बवायूच्या अडीचपटच वेगाने जातो. गंमत अशी की, ग्रॅहम यांच्या रबरात कर्बवायू हायड्रोजनच्या तेवढ्याच अडीचपट वेगाने जात होता. एकाचा कौल इकडे, दुसऱ्याचा तिकडे, पण दोन्ही कौल दुबळे. शिवाय हायड्रोजन पटलातून पार झाला की तो कमी दाबाच्या बाजूला उतरतो. पुढच्या कामाला तो दाबाखालीच हवा असतो. त्याला पुन्हा दाबायचे म्हणजे पुन्हा वीज आली. त्यापेक्षा कर्बवायूलाच पलीकडे धाडले तर हायड्रोजन जेथल्या तेथे, दाब राखून, उभा राहील. आणि कर्बवायू मिश्रणात थोडा असल्याने पाठवायचेही थोडेच. बहुमताला उठविण्यापेक्षा अल्पमताला वाट करून द्यावी, हा व्यवहार येथेही शहाणपणाचा ठरतो. परंतु त्यासाठी थोरल्याला धाकट्याच्या पुढे, आणि तेही चांगल्या फरकाने, काढले पाहिजे.

येथून या कथेचा आमच्या मते सर्वांत बोधप्रद भाग सुरू होतो. पटलशास्त्रात एक दोष सर्वांना ठाऊक होता. कर्बवायू बहुवारिकात फार विरघळला की ते फुगते, सैल पडते, मऊ होते. सैल पडले की फटी रुंदावतात आणि लहानमोठ्यातला भेद पुसला जातो. नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या पटलांत या मऊपणाने निवड बिघडते, म्हणून संशोधक तो टाळण्यासाठी साखळ्या ताठ ठेवण्याची खटपट करीत. २००६ साली टेक्सास विद्यापीठातील बेनी फ्रीमन, हायचिंग लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट्या टोकाने धरला. मऊपणाने लहानमोठ्याचा भेद पुसला जातो ना? मग आपल्याला तेच हवे आहे! हायड्रोजनची पुढे जाण्याची सारी मिजास त्याच्या बारीक अंगावर आहे. फटी रुंद झाल्या की ती मिजास उतरते आणि स्नेहाची कसोटी एकटी शिल्लक राहते. त्या कसोटीत कर्बवायूच जिंकतो.

त्यांनी निवडलेले द्रव्यही आपल्या ओळखीच्या कुळातले आहे. मलमांत, टूथपेस्टमध्ये, काही औषधांत जे पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते, त्याच्याच कुळातले हे बहुवारिक. याच्या साखळीत ठराविक अंतरावर प्राणवायूचे अणू असतात आणि कर्बवायूचे त्यांच्याशी सख्य जमते. साधे घेतले तर हे द्रव्य मेणासारखे स्फटिकमय होऊन थिजते आणि थिजलेल्या भागातून काहीच जात नाही. म्हणून त्यांनी साखळ्या एकमेकींना जागोजागी सांधून त्यांचे जाळे विणले, म्हणजे त्या थिजू शकत नाहीत. या पटलात ३५ अंश सेल्सिअसला कर्बवायू हायड्रोजनच्या सुमारे दहापट वेगाने जातो आणि तापमान शून्याखाली वीस अंशांवर नेले तर फरक तीसपटीच्या घरात जातो. अन्यत्र जो दोष म्हणून हिणविला गेला, तोच येथे कामी आला. आम्हां शिक्षकांना यात फारसे नवल वाटू नये. वर्गात एका जागी न बसणारे पोर क्रीडांगणावर संघाचा आधार होते, हे आपण पाहतोच. पण त्याला क्रीडांगणावर नेणारे कोणीतरी लागते.

याच्याही पुढची एक वाट आहे आणि तिचा नमुना आपल्या देहातच आहे. शरीरात तयार झालेला कर्बवायू रक्तात नुसता विरघळून फुप्फुसांपर्यंत जात नाही; त्याचा मोठा भाग रूप बदलून, बायकार्बोनेट होऊन, जातो आणि तेथे पुन्हा वायुरूप घेतो. या न्यायाने पटलातच अमाइनसारखे वाहक गुंफले तर कर्बवायू एका अंगाला त्यांच्याशी जोडला जातो, पुढे सरकतो आणि पलीकडे सुटतो. हायड्रोजनला असा वाहक मिळत नाही. तो दाराशी ताटकळत राहतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात विन्स्टन हो यांनी अशा पटलांवर दीर्घकाळ काम केले आहे आणि शंभर अंशांच्या वरच्या तापमानातही शंभरपटीहून अधिक निवड साधली आहे. अट एवढीच की पटल दमट राहिले पाहिजे. ग्रॅहम यांचे ते ओले कातडे येथे वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही.

एवढे असता कारखान्यांतील धुण्याची पात्रे अजून का हटली नाहीत, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने घेतो. वेगाने वायू सोडणारे पटल निवड नीट करीत नाही आणि नीट निवडणारे वेगाने सोडत नाही. अमेरिकेचे लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये शेकडो बहुवारिकांचे आकडे एका आलेखावर मांडून, जी ओलांडणे कोणालाच साधत नव्हते अशी मर्यादारेषा दाखविली. २००८ मध्ये नव्या द्रव्यांसह ती पुन्हा आखावी लागली, म्हणजे रेषा सरकते, पण सावकाश. शिवाय प्रयोगशाळेतील वायू सोवळ्यातला असतो. कारखान्यातील मिश्रणात गंधकयुक्त वायू, वाफ आणि उष्णता यांचा ससेमिरा असतो. केसाच्या पाचशेव्या भागाइतकी पातळ साय हजारो चौरस मीटर अंथरायची आणि तिने वर्षानुवर्षे टिकायचे, ही परीक्षा सोपी नव्हे. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींना तो ९९.९७ टक्के शुद्ध लागतो. एकट्या पटलाच्या एका फेरीत तेवढी शुद्धता येत नाही. म्हणून आज शहाणा मार्ग संगनमताचा आहे: भाराचा मोठा वाटा पटलाने उचलावा आणि अखेरची निवड शोषणाने करावी.

उलट्या बाजूचेही प्रयत्न थांबलेले नाहीत. अत्यंत उष्णता सोसणारी पॉलिबेन्झिमिडाझोल जातीची ताठ पटले हायड्रोजनलाच आधी काढतात आणि भट्टीतून आलेले मिश्रण फारसे थंड न करता हाताळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या जातीच्या पटलांवर संशोधन झालेले आहे. मिश्रण तापलेले असेल तर एक उपाय, निवलेले असेल तर दुसरा, असा हा विवेक आहे.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. पाण्याचे सौर वा पवनविजेने विघटन करून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन काढण्याची क्षमता उभारावी, असा त्याचा संकल्प आहे. या वाटेने कर्बवायू निपजतच नाही, मग पटलांची उठाठेव कशाला, असे वाटेल. परंतु जुने कारखाने एका रात्रीत मोडीत निघत नाहीत. ते चालू आहेत तोवर त्यांतला कर्बवायू वेगळा करावाच लागेल. आणि युरियाची गोष्ट तर निराळीच आहे. एक टन युरियाला सुमारे ५७० किलो अमोनिया आणि ७३० किलो कर्बवायू लागतो. म्हणजे हायड्रोजनमधून वेगळा केलेला कर्बवायू येथे टाकाऊ नसून कच्चा माल ठरतो. मात्र तो युरिया शेतात पडला, ओल्या मातीत विरघळला, की तोच कर्बवायू पुन्हा मोकळा होऊन आकाशात जातो. वेगळे करणे म्हणजे आवरणे नव्हे, हा भेद विसरता कामा नये.

म्हणूनच पटलाकडून जेवढे मागावे तेवढेच मागावे, असे आम्हांस वाटते. दोन मिसळलेल्या वायूंत थोरला कोणता व धाकटा कोणता हे ते ओळखील, थोरल्याला पुढे घालील, धाकट्याला जपून ठेवील, आणि हे सारे उष्णतेची उधळपट्टी न करता करील. हंसाच्या नीरक्षीरविवेकाचे आपण कौतुक करतो. पण वेगळे झालेले दूध कोणाच्या मुखी जावे, हे हंस ठरवीत नाही. वेगळा झालेला कर्बवायू जमिनीच्या पोटात खोल पुरायचा, कारखान्यात पुन्हा वापरायचा, की नळी उघडून वाऱ्यावर सोडायचा, हे ठरविणारी माणसे पटलाच्या पलीकडे उभी आहेत. आज शाळेत ग्रॅहमचा नियम पाठ करणारी आपली मुले उद्या त्यांच्यात असतील. त्यांना नियमाबरोबर तो जेथे उलटतो ती रबराची गोष्टही आवर्जून सांगावी, एवढीच पालकांना विनंती.